साइड पाइपाचं स्वस्त कवच: पत्र्यापेक्षा फट महत्त्वाची

हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाडीच्या, दाराखालून जाणारा एक्झॉस्टचा साइड पाइप आणि उतरणाऱ्याची पोटरी यांचं वैर जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या तलावांवर गाड्या पळायच्या, तेव्हापासून पाइप बाजूने काढायची पद्धत आहे. 'लेक पाइप' हे नाव तिथलंच. ४२७ कोब्रा या स्पोर्ट्स कारचे पाइप तर उघडेच असत आणि पोटरीवरचा डाग ही त्या गाडीच्या मालकाची खूणच होऊन बसली. शेव्हरोलेने १९६५ साली कॉर्व्हेटला साइड एक्झॉस्टचा पर्याय दिला, तो मात्र पाइपावर आवरण चढवून. म्हणजे उघडा पाइप धोक्याचा आहे हे तेव्हाच सगळ्यांना कळलेलं होतं.

आता हे आवरण कमी खर्चात कसं मिळवायचं? चार वाटा आहेत: मोटरसायकलसाठी मिळणारं तयार क्लिपवालं कवच, ट्रकच्या उभ्या एक्झॉस्टसाठीची जाळीदार अर्धगोल नळी, पाइपावर गुंडाळायची पट्टी आणि स्वतः वाकवलेला पत्रा. चौथी वाट पहिल्या नंबराची, पण ती करताना लोक पत्र्याच्या निवडीवर डोकं खपवतात आणि पत्रा पाइपापासून किती लांब आणि कशाच्या आधारावर बसतो याकडे दुर्लक्ष करतात. कवच चालणार की फसणार ते तिथेच ठरतं.

आधी तयार मालाबद्दल. मोटरसायकलची कवचं साधारण पावणेदोन इंची पाइपासाठी घडवलेली असतात आणि लांबीला १५० ते ३०० मिमी. अडीच किंवा तीन इंची साइड पाइपावर ती बसवली की गोलाई जुळत नाही, मध्ये फट आणि कडांना मात्र पत्रा पाइपाला चिकटलेला. शिवाय ९०० मिमी पाइप झाकायला तीन ते सहा तुकडे एकापुढे एक लावावे लागतात आणि जोडांमधून नेमकी तीच गरम जागा उघडी राहते जिथे पाय पडतो. एका ठिकाणी ती खरंच उपयोगी आहेत: हेडरचे, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांचे, चार पाइप बाहेर येऊन एकत्र होतात तिथला एखादा वाकडा तुकडा झाकायला. तिथे स्वतः पत्रा वाकवणं म्हणजे दिवस घालवणं.

ट्रकची जाळीदार अर्धगोल नळी हा जास्त शहाणा पर्याय आहे. माल जाड असतो, कडा वळवलेल्या असतात, क्लिपसाठी खाचा तयार असतात. पण ती पाच ते आठ इंची पाइपासाठी बनते. आत सायलेन्सर असलेला चार इंची जाड साइड पाइप असेल तर पाच इंची नळी त्यावर साधारण १२ मिमी फट ठेवून बसते आणि काम संपतं. अडीच इंची पाइपावर तीच नळी गटाराच्या पन्हाळीसारखी दिसते आणि जमिनीपासूनचं अंतरही खाते.

गुंडाळायच्या पट्टीला या कामात शून्य गुण. ती इंजिनच्या खोलीतली उष्णता कमी करायला आहे, पायाचं रक्षण करायला नाही. पट्टीचा वरचा थरही भाजण्याइतका गरम असतो, ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि साध्या पोलादाचा पाइप तिच्या आड गुपचूप गंजतो. कडेला दिसणाऱ्या पाइपावर काही महिन्यांत तिचे धागे सुटतात आणि तेलकट डाग पडतात, ते वेगळंच.

मग राहिला पत्रा.

३०४ प्रतीचं स्टेनलेस, ०.८ मिमी, म्हणजे २२ गेजच्या आसपास. यापेक्षा पातळ घेतलं तर झांजेसारखं वाजतं, १.२ मिमीच्या वर गेलं तर रोलरशिवाय हाताने नीट वाकत नाही. ॲल्युमिनियम १.५ मिमी चालतं, वाकवायला सोपं आणि चमकदार असल्याने उष्णता परतवतं. पण ते मऊ आहे, दगड लागला की पोचा पडतो आणि बोल्टची भोकं कंपनाने हळूहळू मोठी होतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त असतो म्हणून हात तिकडे वळतो. तो घेऊ नये. सतत २०० अंश सेल्सिअसच्या वर तापत राहिला तर मुलामा सुटायला लागतो, आणि त्यावर वेल्डिंग केलं तर जस्ताचा धूर नाकात जातो.

जाळीचा पत्रा की सपाट, हा वाद नेहमीचा. जाळी दिसायला छान, आणि हाताला लागणारी धातूची जागा कमी असल्याने चटका सौम्य. मात्र ३ मिमीची भोकं ५ मिमी अंतरावर तिरप्या ओळींत असतील तर जवळजवळ ३३ टक्के जागा उघडी असते. पाइपातून किरणांच्या रूपाने निघणारी उष्णता तेवढ्या वाटेने सरळ बाहेर येते. पायाला चटका बसत नाही, पण धग लागते. नायलॉनचे मोजे किंवा पातळ पँट असेल तर ही धगही पुरेशी असते. सपाट पत्रा धग अडवतो, पण स्वतः जास्त तापतो. दाराखाली, जिथे पाय घासण्याची शक्यता आहे, तिथे जाळी. मागच्या टायरजवळ आणि ब्रेकच्या नळीजवळ, जिथे धगच अडवायची आहे, तिथे सपाट. दोन्ही एकाच कवचात जोडायला काही अडचण नाही. जाळी घेताना भोकं ५ मिमीपेक्षा मोठी नकोत, लहान मुलाचं बोट आत जायला नको.

आता फटीचं गणित. पाइपाची बाहेरची त्रिज्या आणि त्यात १२ मिमी मिळवा. ही कवचाची त्रिज्या. अडीच इंची पाइप म्हणजे ६३.५ मिमी व्यास, त्रिज्या ३१.७५, कवचाची त्रिज्या ४३.७५. कवच पूर्ण वर्तुळाचं नको, २०० अंशांचं पुरतं: बाहेरची बाजू पूर्ण आणि थोडं वर, थोडं खाली. त्याला पत्र्याची रुंदी १५३ मिमी लागते, दोन्ही लांब कडा ८ मिमी दुमडायच्या म्हणून १६ मिळवले की १६९. तीन इंची पाइपाला हाच हिशेब १९१ मिमी येतो, चार इंचीला २३५. १२ मिमी हा आकडा मधला आहे. ६ मिमीच्या आत फट गेली की मधली हवा हलतच नाही, आणि पाइप जरा वाकडा असला तर कुठेतरी टेकतोच. २० मिमीपर्यंत गेलात तर कवच आणखी थंड राहतं. फक्त गाडी रुंद दिसते आणि उतरताना पाय अडकतो.

कवच आडव्या पाइपाभोवती चिमणीसारखं काम करतं, हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ चुका टळतात. खालून थंड हवा आत शिरते, तापते, वरून निघून जाते. म्हणून खालची कड उघडी ठेवायची (पाणीही तिथूनच निथळतं) आणि वरची कड बॉडीला चिकटवायची नाही, किमान १५ मिमी जागा सोडायची. 'सुबक दिसावं' म्हणून वरची फट पट्टीने बंद करणारे लोक आहेत. त्यांचं कवच भट्टीच्या दारासारखं तापतं. कवच मध्यापासून १०-१५ अंश वरच्या बाजूला फिरवून बसवावं, कारण पाय वरून येतो, खालून नाही.

वाकवण्याचं काम रोलर नसतानाही होतं. आधी लांब कडा दुमडून घ्या, गोलाई नंतर. उलट केलं तर कड दुमडताना गोलाई बिघडते. दुमड पूर्ण चेपायची नाही, आत १ मिमीची तार धरून चेपायची आणि मग तार ओढून काढायची. पूर्ण चेपली तर स्टेनलेस घडीवर तडकू शकतं. त्यानंतर साधारण ७५ मिमी व्यासाचा जाड पाइप वाइसमध्ये धरा आणि पत्रा त्यावर पट्ट्याने आवळून, लाकडी हातोडीने मधून कडेकडे ठोकत न्या. हवा असलेला व्यास ८७.५ मिमी असताना साचा ७५ चा का? कारण स्टेनलेस सोडल्यावर परत उघडतं. किती उघडेल ते पत्र्याच्या कडकपणावर आहे, म्हणून आधी ५० मिमीच्या कातरणावर करून बघा आणि मग साचा बदला. जाळीचा पत्रा कमी उघडतो, पण भोकांच्या ओळीवर खटकन मोडतो आणि गोलाईऐवजी पैलू पडतात. त्याला उपाय एकच: थोडं थोडं, जागा बदलत वाकवणं. घाईने एकदा पैलू पडला की तो पुन्हा सपाट होत नाही.

टोकांच्या गोल कडा दुमडता येत नाहीत. तिथे ३ मिमीची स्टेनलेस सळी आतून टॅक करावी, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांनी जोडावी, नाहीतर निदान कानस आणि पॉलिश पेपरने कड इतकी गुळगुळीत करावी की बोट दाबून फिरवलं तरी लागणार नाही. चटक्यापासून वाचवायला लावलेल्या पत्र्याने पोटरी कापली तर काय मिळवलं? रबराची पट्टी इथे वितळते; सिलिकॉनची चालते, ती साधारण २०० अंशांपर्यंत टिकते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या आधारांमध्ये. पाइपावर सरळ वेल्ड करून आधार उभे करणं मजबूत वाटतं, पण क्रोमचा पाइप असेल तर तो गेलाच, आणि साध्या पाइपावरही वेल्डजवळ पुढे तडा जातो. होज क्लिप वापरा, म्हणजे पाइपाभोवती स्क्रूने आवळायचा पट्टा. एका बाजूच्या ९०० मिमी कवचाला तीन क्लिप, संपूर्ण स्टेनलेसच्या, ६० ते ८० मिमी मापाच्या. स्क्रूसुद्धा स्टेनलेस आहे ना ते चुंबक लावून बघा, पुष्कळ क्लिपांचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तो फिरत नाही. प्रत्येक क्लिपखाली दोन आधार, घड्याळाच्या दोन आणि चारच्या जागी. एकच आधार तीनच्या जागी दिला तर कवच त्याभोवती डुलतं आणि गाडी उभी राहून इंजिन चालू असताना कान किटवतं.

आधार म्हणजे २० मिमी रुंद, १.५ मिमी जाड स्टेनलेस पट्टीचा ६५ मिमी तुकडा, इंग्रजी झेडच्या आकारात: २५ मिमी पाय क्लिपखाली, १२ मिमी उभा भाग, २५ मिमी वरचा भाग. पायाचं टोक २ मिमी वर वळवा म्हणजे तो क्लिपखालून निसटत नाही. वरच्या भागाला आतून एम ६ चा नट वेल्ड करा. स्टेनलेसच का? साधं पोलाद उष्णता स्टेनलेसच्या सुमारे तिप्पट वाहून नेतं, आणि ॲल्युमिनियम दहापटीच्या आसपास. आधार हाच पाइपापासून कवचापर्यंतचा पूल आहे. तो जितका आळशी तितकं बरं. ॲल्युमिनियमची जाड वॉशर रचून फट करणं हा सर्रास दिसणारा प्रकार, आणि त्याचं फळ म्हणजे प्रत्येक बोल्टच्या डोक्याभोवती एक गरम वर्तुळ.

बोल्टची लांबी क्षुल्लक वाटते, पण नाही. ०.८ चा पत्रा, १.२ ची वॉशर आणि एम ६ × १० बोल्ट घेतला की बोल्टचं टोक पाइपापासून ४ मिमी लांब राहतं. १६ मिमीचा बोल्ट घेतलात, तर तो पाइपाला टेकतो: उष्णता सरळ डोक्यापर्यंत येते आणि वरून खडखडाट. बोल्टच्या आट्यांना निकेलचं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला की तो जागच्या जागी कुलूप होतो आणि पुढे बोल्ट तोडावा लागतो. नायलॉनचा कडा असलेले लॉक नट इथे चालत नाहीत, नायलॉन सव्वाशे अंशांच्या आसपासच काम सोडतं. आटे घट्ट करायचं निळं द्रावणही १५० अंशांच्या पुढे विश्वासाचं नाही. स्प्रिंग वॉशर किंवा पूर्ण धातूचा लॉक नट.

पाइप आणि कवच एकाच मापाने वाढत नाहीत, हे दुसरं दुखणं. साध्या पोलादाचा पाइप २७५ अंशांनी तापला तर ९०० मिमीमध्ये सुमारे ३ मिमी लांब होतो. कवच स्टेनलेसचं, त्याची वाढ अंशामागे जास्त, पण ते तापतं फक्त ७०-८० अंशांनी, म्हणून ते सव्वा मिमीच वाढतं. जवळपास दोन मिमीची ही ओढाताण कुठेतरी जायला हवी. मधल्या क्लिपचे बोल्ट गोल भोकात पक्के आवळा आणि दोन्ही टोकांना १० मिमी लांबीच्या खाचा ठेवा. सगळीकडे गोल भोकं ठेवली की कवच तापल्यावर फुगतं, थंड झाल्यावर 'टण्ण' आवाज करतं, आणि काही महिन्यांत कुठल्यातरी भोकापासून चीर सुरू होते. या चिरेला लोक पत्र्याचा दोष म्हणतात. दोष खाचेचा असतो, जी काढलीच नाही.

क्लिपचंही तसंच. स्टेनलेसचा पट्टा साध्या पोलादाच्या पाइपापेक्षा जास्त वाढतो, म्हणून गरम असताना ती किंचित सैल पडते. अडीच इंची पाइपावर पाव मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला काही नाही, पण तेवढ्यात आधाराचा पाय सरकतो. पाइपही स्टेनलेसचा असेल तर हा त्रास नाही. क्लिपचं स्क्रूचं घर उंच असतं, जवळजवळ फटीइतकंच, त्यामुळे ते कवचाखाली आणू नका. चॅसिसच्या बाजूला ठेवा, जिथे खालून स्क्रूड्रायव्हर पोचतो.

कवचाने उष्णता नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे वळते. बाहेर जाणारी धग आता दाराखालच्या पट्टीवर पडते. पोलादाची बॉडी असेल तर रंग पिवळा पडतो. फायबरग्लासची असेल तर काळजी जास्त, कारण पॉलिएस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागतं. बॉडीच्या त्या भागाखाली पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा ६ मिमी फट ठेवून लावा. क्रोमच्या पाइपाचंही एक आहे: कवचाखाली तो आधीपेक्षा जास्त तापतो आणि लवकर निळा पडतो, शिवाय क्लिपचे व्रण कायमचे राहतात. ज्याला पुढे कधी उघडा पाइप मिरवायचा आहे त्याने हे आधीच मान्य करून काम हातात घ्यावं.

रंगाबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल. कवचाची आतली बाजू चमकदार हवी, ती उष्णता परतवते. पण बाहेरची बाजू आरशासारखी पॉलिश केली तर कवच जास्त गरम राहतं, कारण चमकदार पृष्ठभाग स्वतःची उष्णताही सहज सोडत नाही. बाहेरून उच्च तापमानाचा मॅट काळा रंग दिलेलं कवच त्याच जागी जास्त थंड राहतं. दिसण्यासाठी पॉलिश हवं असेल तर करा, पण मग फट १५-१८ मिमी ठेवा. पॉलिश केलेला पत्रा बसवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या. बोटांचे ठसे पहिल्याच तापण्यात भाजून पक्के होतात. क्लोरीन असलेलं ब्रेक क्लीनर मात्र वेल्डिंगच्या आसपासही नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

तपासणी कधी आणि कशी करायची, यातही फसगत आहे. चालत्या गाडीत वारा लागतो, तेव्हा कोणतंही कवच थंडच असतं. खरी परीक्षा गाडी थांबल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत, म्हणजे नेमकी लोक उतरतात तेव्हा. वारा बंद, पाइप लालबुंद नसला तरी २५०-३०० अंशांवर, आणि त्याची सगळी उष्णता कवचाकडे. एका थराचं सपाट कवच अशा वेळी १०० अंशांच्या आसपास सहज जातं. धातू सुमारे ७० अंशांचा असला तरी एका सेकंदाच्या स्पर्शाने त्वचा भाजते. पातळ पत्र्यात साठलेली उष्णता थोडी असल्याने ओझरता स्पर्श निभावतो. टेकून उभं राहणं निभावत नाही. गाडी मिरवणुकीत हळू चालणार असेल किंवा तिच्याभोवती मुलं असणार असतील, तर दुसरा थर द्या: कवचाच्या आत ५ मिमी अंतरावर ०.५ मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा, त्याच बोल्टांवर, मध्ये स्टेनलेसच्या बारीक नळीचे तुकडे ठेवून. त्यासाठी उभा भाग १२ चा १८ करावा लागेल, आणि बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचायला बोल्ट १६ चा. पाइपापासून त्याचं अंतर मोजून बघा. ही भर स्वस्तात होते आणि फरक मोठा पडतो. दोन थरांच्या मध्ये काचेची किंवा सिरॅमिकची लोकर भरू नका; ती पाणी पिते.

मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलात तर चमकदार स्टेनलेसवर ते खोटं बोलतं, खऱ्यापेक्षा खूप कमी आकडा दाखवतं. कवचावर आणि पाइपावर उच्च तापमानाच्या काळ्या मॅट रंगाचा नाण्याएवढा ठिपका द्या आणि त्यावरच मोजा. अर्धा तास गाडी चालवा, इंजिन बंद करा, आणि पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला आकडा लिहा. सर्वांत मोठा आकडा बहुधा बंद केल्याबरोबर येत नाही, थोड्या वेळाने येतो.

पहिल्या तीन वेळा गाडी पूर्ण तापून पूर्ण थंड झाली की क्लिप आणि बोल्ट पुन्हा आवळा, थंड असताना. त्यानंतर तेल बदलताना एकदा हात फिरवला तरी पुरे. क्लिपखाली तांबूस पूड दिसली तर आधाराचा पाय घासतो आहे, म्हणजे ती क्लिप सैल आहे. आणि फ्लँज (बोल्टने आवळलेला जोड), स्लिप जोड (एकात एक घातलेले पाइप) किंवा ऑक्सिजन सेन्सर कवचाखाली गाडला असेल तर ते आत्ताच कापून मोकळं करा; गॅस्केट (जोडातली गळती थांबवणारी चकती) फुटली की त्या बोल्टपर्यंत पोचण्यासाठी सगळं उतरवावं लागेल.